एका दुपारचं ओझं

मित्रांनो, जरा सरका, वाट द्या! मला वळायला जागा लागते. हां, आता ठीक. मी एक जुनी ट्रॉली आहे. दुकानातली नव्हे बरं का, फायलींची! दुकानातल्या ट्रॉल्यांवर साबण आणि बिस्किटं बसतात. माझ्यावर अख्ख्या शहराचा पाणीपुरवठा बसायचा. म्हणजे पाणी नव्हे, कागद. पण कागदाशिवाय नळाला पाणी येतं असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही पाणीपुरवठा कचेरीत कधी गेलेला नाहीत.

माझी गोष्ट मला कधीपासून सांगायची आहे! माझ्या आयुष्यात एक दिवस असा आला की मी रस्ता ओलांडला, लिफ्टमध्ये बसले आणि भर सुनावणीत पुरावा म्हणून उभी राहिले. पुरावा! तुमच्या ओळखीतली कुठली ट्रॉली कधी पुरावा झाली आहे, सांगा बघू. पण थांबा, क्रमाने सांगते, नाहीतर माझं नेहमीचंच होईल, एक चाक इकडे आणि तीन चाकं तिकडे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लोखंडी नळ्या, दोन जाड फळ्या, चार चाकं आणि एक हँडल, एवढाच माझा देह. तिथल्या वेल्डरची एक पद्धत होती. ट्रॉली तयार झाली की तो स्वतः तिच्यावर मांडी घालून बसायचा आणि कुणालातरी हाक मारून सांगायचा, "ढकल!" आता तो काही हडकुळा माणूस नव्हता. माझ्या आधीची एक ट्रॉली त्याच्या वजनाने चक्क कण्हली होती. मी हूं की चूं केलं नाही. त्याने खाली उतरून माझ्या फळीवर थाप मारली आणि म्हणाला, "घेऊन जा हिला. काहीही घाला हिच्यावर." त्या थापेने माझी छाती जी फुगली ती फुगलीच.

पाणीपुरवठा कचेरीत मला तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये जागा मिळाली. तिथे राज्य होतं रेकॉर्डकाकांचं. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. काकांना दोन गोष्टी प्रिय होत्या, नीटनेटकेपणा आणि स्वतःची स्तुती. फाईल वाकडी ठेवलेली दिसली की त्यांचं पोट दुखायचं, आणि कुणी "वा काका!" म्हणायला विसरला की ते स्वतःच म्हणून टाकायचे. आमचं दोघांचं छान जमलं. मीही त्यातलीच होते ना!

काय दिवस होते ते! सकाळी दार उघडलं की माझी फेरी सुरू. नकाशे वरच्या फळीवर, तक्रारी खालच्या फळीवर, आणि काका हँडल धरून ओरडणार, "बाजूला, बाजूला, गाडी आली!" कॉरिडॉरमधले कारकून भिंतीला चिकटायचे. मोठे इंजिनीअर एकदा मला पाहून म्हणाले होते, "ही नसती तर ही कचेरी चाललीच नसती." काकांना वाटलं ते त्यांच्याबद्दल बोलले. मला माहीत होतं माझ्याबद्दल बोलले.

मग कॉम्प्युटर आले आणि माझे दिवस फिरले. फेऱ्या कमी झाल्या. मला खिडकीखाली कोपऱ्यात ढकलण्यात आलं. माझ्यावर मोडका पंखा ठेवला, त्याच्यावर कुणीतरी जुने पडदे टाकले आणि त्या पडद्यांवर एका मांजरीने आपलं बिऱ्हाड थाटलं. मांजर चांगली होती, पण तिला वाहून कुठे न्यायचं? मी दिवसभर उभी. चाकं आखडली. येणारा-जाणारा माझ्याकडे टेबल म्हणून बघायचा. मित्रांनो, ज्याला चालायची हौस आहे त्याला टेबल म्हणणं हा केवढा अपमान आहे, हे तुम्हाला कसं सांगू!

त्यातून मला बाहेर काढलं ते एका कायद्याने. हा कायदा असा होता की कुणीही माणूस उठून सरकारी कचेरीला विचारू शकत होता, तुमच्या कागदांत काय आहे ते मला दाखवा. वा! वा! हे ऐकलं तेव्हा माझं लोखंड शहारलं. लोक विचारणार, फायली निघणार, म्हणजे मी चालणार! काकांनी पंखा उतरवला, मांजरीला समजावलं आणि माझ्या चाकांत तेल घातलं.

पहिले अर्ज छान होते. आमच्या गल्लीतली पाईपलाईन कधी बदलणार? पाण्याची तपासणी कुणी केली? मी धावत होते, काका धावत होते. मग आले प्रश्नकाका. हे एक रिकामटेकडे गृहस्थ होते आणि त्यांना आमच्या कचेरीच्या आतल्या कारभाराची भारी उत्सुकता. कोणता कारकून किती वाजता जागेवरून उठला? कोण किती चहा प्यायला? शिपायाने रजेच्या अर्जात पोटदुखी लिहिली होती ती खरी होती का? आणि हे सगळं गेल्या कितीतरी वर्षांचं हवं! एक अर्ज संपायच्या आत दुसरा यायचा. काकांची कंबर धरली. माझ्या वरच्या फळीला पोक आला. बिचारा शिपाई तर प्रश्नकाका दारात दिसले की पोट धरून लपायचा.

अर्जांना उत्तरं देण्याचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे माहितीसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. पण प्रश्नकाकांनी त्यांच्या नाकी नऊ आणले. शेवटी एक दिवस त्यांनी बसून एक भक्कम उत्तर लिहिलं. मागितलेली माहिती अवाढव्य आहे, ती गोळा करायला दोन कारकून तीन महिने गुंतून पडतील, शिवाय हा कर्मचाऱ्यांचा अंतर्गत मामला आहे, म्हणून अर्ज नामंजूर. कायद्यातही तशी सोय होतीच. प्रश्नकाका गप्प झाले, कचेरीने सुटकेचा श्वास सोडला. मीसुद्धा! खोटं कशाला बोलू, शिपायाच्या पोटदुखीची फाईल वाहून न्यायला मलाही लाज वाटत होती.

पण झालं काय, ते उत्तर फारच सुंदर जमलं होतं. इतकं सुंदर उत्तर एकदाच वापरायचं साहेबांच्या जिवावर आलं. हळूहळू कुणी कर्मचाऱ्यांबद्दल काहीही विचारलं की तेच उत्तर जाऊ लागलं. फक्त वरचं नाव बदलायचं. काय मागितलंय ते वाचायच्या आतच, जड आहे, झेपणार नाही! मला न विचारता! अहो, झेपतं की नाही ते मी सांगेन ना!

अशातच आमच्या रेकॉर्ड रूममध्ये पंपताई येऊ लागली.

ती शहराबाहेरच्या पंपिंग स्टेशनवर पंप चालवायची, म्हणून पंपताई. तिला कायम रात्रपाळी. सकाळी ड्यूटी संपवून ती मीटरच्या नोंदींचे कागद काकांकडे द्यायला येई, तेव्हा तिचे डोळे लाललाल असत. कागद दिले की ती क्षणभर माझ्या हँडलवर हात टेकून उभी राही. तेवढ्यातही डुलकी घेई. हात उबदार होता तिचा. मला ती फार आवडायची.

"काका, एक विचारू?" एके दिवशी ती म्हणाली. "माझा दिवसपाळीचा नंबर कधी लागतो हो?"

"नंबराप्रमाणे लागतो," काका म्हणाले. "तुमचे सुपरवायझर काय म्हणतात?"

"तेच म्हणतात. नंबर आला की मिळेल. विचारून विचारून जीभ झिजली. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी पोरगी. ती रोज रात्री शेजारच्या काकूंकडे झोपते. मी निघाले की दप्तर, उशी आणि चादर घेऊन निघते बिचारी, पाहुण्यासारखी. काल विचारत होती, आई, आपल्या घरात रात्री कोण असतं गं?"

काका तिचे कागद हातात तसेच धरून बसले. मांजरसुद्धा खिडकीतून आत बघत राहिली.

पंपताईने मग अर्ज केला. आणि काय अर्ज केला! सगळ्या पंपचालकांच्या ड्यूटीचे चार्ट, कुणी कुणी पाळी बदलून मागितली ते अर्ज, त्यावर साहेबांनी काय शेरे मारले ते, कुणाला कशासाठी रजा मिळाली, कुणाला समज दिली, आणि ते सगळं ती नोकरीला लागल्यापासूनचं. काकांनी अर्ज वाचला आणि डोळे विस्फारले. "अगं ताई, एवढं कशाला? तू लग्नाची यादी काढलीस का काय?"

पण अर्ज गेला, आणि उत्तर तर तयारच होतं. अवाढव्य, तीन महिने, अंतर्गत मामला, नामंजूर. पंपताई ते उत्तर हातात घेऊन माझ्याजवळ उभी राहिली. त्या दिवशी तिने डुलकी घेतली नाही. "आता कुठे जायचं?" एवढंच म्हणाली.

काकांनी तिला सांगितलं की या उत्तराविरुद्ध अपील करता येतं. समोरच्या मोठ्या इमारतीत एक अपीलबाई बसतात, त्या दोन्ही बाजू ऐकतात. पंपताईने अपील केलं. सुनावणीची तारीख लागली, आणि मित्रांनो, इथून पुढे माझ्या गोष्टीला जे वारं लागतं ना, धरून बसा!

सुनावणीच्या आदल्या दिवशी माहितीसाहेब स्वतः रेकॉर्ड रूममध्ये आले. असं कधी होत नसे. हात चोळत म्हणाले, "काका, उद्या बाईंना नुसतं तोंडी सांगून भागणार नाही. ओझं किती आहे ते दिसलं पाहिजे. तिने मागितलेलं सगळं काढा, या ट्रॉलीवर रचा, आणि उद्या घेऊन चला. तो डोंगर बघूनच बाई म्हणतील, नको रे बाबा!"

मी! मला नेणार! रस्त्यापलीकडे! आनंदाने माझं डावं चाक आपोआप फिरलं.

काकांनी जेवण झाल्यावर बाह्या सरसावल्या. आता काकांना तुम्ही ओळखता. नुसता डोंगर रचायचा, वाटेल तशा फायली कोंबायच्या, हे त्यांना जमणारच नव्हतं. त्यांनी एकेक फाईल काढली, झटकली, वर्षांप्रमाणे लावली. चार्ट वेगळे, अर्ज वेगळे, रजा आणि समज यांचा गठ्ठा वेगळा. प्रत्येक गठ्ठ्यावर जाड अक्षरात चिठ्ठी चिकटवली. वर सुबक दोरी बांधली. मधे चहा झाला, मांजरीशी गप्पा झाल्या, आणि कचेरी सुटायच्या आत काम फत्ते! काका दोन पावलं मागे सरून बघत म्हणाले, "वा काका!"

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. काका मागून ढकलत, साहेब बाजूने एक हात फायलींवर ठेवून चालत. फाटकाबाहेर पडलो आणि, अहाहा! आकाश! मी आयुष्यात छताशिवाय काही पाहिलं नव्हतं. केवढा उजेड तो! रस्त्यावर गाड्या, सायकली, हॉर्न, एका बसचा ड्रायव्हर तर आम्हाला पाहून थांबलाच. खिडकीतून ओरडला, "काय हो साहेब, कचेरी शिफ्ट झाली का?" साहेब लाल झाले. मी मात्र ताठ मानेने चालले होते. मधेच गटाराच्या जाळीत माझं पुढचं चाक अडकलं. झालं! मागे हॉर्नवर हॉर्न! साहेब ओढतायत, काका ढकलतायत, आणि फायलींचा वरचा गठ्ठा असा कलला की आता पडलाच! पण काकांची गाठ पक्की होती. एक हिसका, आणि आम्ही पलीकडे!

मोठ्या इमारतीत सुनावणी वरच्या मजल्यावर होती. लिफ्ट इतकी चिंचोळी की मी आत गेल्यावर माणसाला जागाच उरली नाही. काकांनी हात लांब करून बटण दाबलं आणि दार बंद व्हायच्या आत टुणकन बाहेर आले. "पळा काका, जिन्याने!" साहेबांचा आवाज मी ऐकला, आणि दार लागलं.

मी एकटी! चाललेय वर! चाकं न फिरवता वर! मला हसावं की घाबरावं ते कळेना. घुर्रर्र करत लिफ्ट थांबली, दार उघडलं, आणि समोरच्या बाकावर कोण बसलं होतं? पंपताई!

रात्रीची ड्यूटी करून ती थेट आली होती. तिने मला ओळखलं आणि हसली. मग तिची नजर माझ्यावरच्या चिठ्ठ्यांवर गेली. काकांची ती जाड अक्षरं. पंपचालक, ड्यूटी चार्ट. पंपचालक, अर्ज व शेरे. तिचं हसू थांबलं. तेवढ्यात लिफ्टचं दार मिटायला लागलं. तिने झटकन पाय घातला आणि हँडलला धरून मला बाहेर ओढलं.

कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं. जे मागून मागून ती थकली होती ते सगळं तिच्या पुढ्यात, आणि मध्ये फक्त एक दोरी. तिचा हात दोरीच्या गाठीपर्यंत गेला. मित्रांनो, माझा जीव नुसता टांगणीला लागला! तिने बघावं असंही वाटत होतं आणि बघू नये असंही. त्याच गठ्ठ्यांत दुसऱ्या कुणाच्या आजारपणाचे कागद होते, कुणाला मिळालेली समज होती. हे सगळं असं कॉरिडॉरमध्ये उघडं पडावं? तिच्या मनातही तेच आलं असावं. तिने हात मागे घेतला. मला भिंतीशी लावलं, घरंगळू नये म्हणून चाकाला पाय लावून उभी राहिली, आणि हळूच म्हणाली, "एवढंच आहे होय?"

जिन्यातून धापा ऐकू आल्या. आधी साहेब, मग काका. साहेबांनी तिला माझ्याजवळ पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुम्ही... हात... लावलात?"

"हँडलला लावला, साहेब. लिफ्ट परत खाली घेऊन चालली होती हिला."

साहेबांनी गाठ बघितली. जशीच्या तशी. ते काहीतरी बोलणार तोच आतून पुकारा झाला. काका कंबर धरून भिंतीला टेकलेले, साहेबांच्या पायांत गोळे आलेले. मग मला आत कोण नेणार? नेलं पंपताईने! एका हातात तिची पिशवी आणि एका हातात मी.

अपीलबाई टेबलामागे बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, आणि चेहऱ्यावर सकाळपासून खूप ऐकल्याचा कंटाळा. मला पाहून मात्र त्या जाग्या झाल्या. "हे काय आणलंय?"

साहेब या क्षणाची वाट बघत होते. ते उठले, माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, "बाई, मी काही बोलत नाही. फक्त बघा! अर्जदाराने हे सगळं मागितलंय. हा डोंगर गोळा करायचा म्हणजे कचेरीचं कंबरडं मोडेल. न पेलणारं ओझं आहे हे!"

न पेलणारं! मला सांगा, तुमच्या अंगावर जे ओझं तुम्ही आत्ता सहज घेऊन उभे आहात, त्याकडे बोट दाखवून कुणी म्हणालं की हे कुणालाच पेलणार नाही, तर कसं वाटेल? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इतकी वर्षं वाहिलं ते काय कापूस होता? आणि माझ्याच ताकदीचा आधार घेऊन पंपताईला नाही म्हणायचं? मला ओरडायचं होतं. पण काकांनी तेल इतकं भरपूर घातलं होतं की माझ्याने साधं कुईसुद्धा करवेना.

अपीलबाई चष्म्यावरून बघत होत्या. "यांनीच ढकलत आणली ना ही मघाशी?" त्यांनी पंपताईकडे बघून विचारलं. मग माझ्याजवळ येऊन चिठ्ठ्या वाचू लागल्या. "फारच छान लावलंय हो. कुणी केलं हे काम?"

काका पुढे झाले. एवढ्या मोठ्या बाईंनी छान म्हटलेलं! त्यांची कंबर एकदम सरळ झाली. "मी, बाई. वर्षवार लावलंय. कुठलाही कागद मागा, डोळे मिटून काढून देतो."

"केवढा वेळ लागला?"

साहेबांनी काकांच्या शर्टाची बाही ओढली. पण काका आता कुणाचं ऐकतात! "एक दुपार, बाई. फक्त एक दुपार. आणि त्यात चहासुद्धा झाला!"

अपीलबाईंनी साहेबांचं उत्तर हातात घेतलं, तीन महिन्यांची ओळ बोटाने शोधली, आणि त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं. "साहेब, गोळा करणं अशक्य आहे हे मला पटवायला तुम्ही सगळं गोळा करून आणलंत? अहो, काम झालं की!"

झालं! झालं! मित्रांनो, मला टाळ्या वाजवता आल्या असत्या तर मी वाजवल्या असत्या!

साहेब मटकन खुर्चीत बसले. पण त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि ती खरी होती. "बाई, ओझ्याचं चुकलं असेल. पण यात बाकीच्यांच्या आजारपणाचे कागद आहेत, घरच्या अडचणी आहेत. ते बिचारे इथे नाहीत. ते कसे दाखवू?"

"हे मात्र बरोबर बोललात," अपीलबाई म्हणाल्या, आणि पंपताईकडे वळल्या. "तुम्हाला लोकांची आजारपणं वाचायची आहेत का?"

"नाही हो बाई! मला काय करायची?"

"मग एवढं सगळं कशाला मागितलंत?"

पंपताईने पिशवीचा बंद बोटांना गुंडाळला. "थोडं मागितलं असतं तर म्हणाले असते, त्यात काही नाही. म्हणून सगळंच मागितलं. मला एकच बघायचंय. माझा नंबर खरंच नंबराप्रमाणे लागणार आहे का? नसेल लागणार तर तसं सांगा. माझी पोरगी रोज रात्री उशी घेऊन दुसऱ्याच्या घरी जाते. मी तिला रोज सांगते, थांब, नंबर येईल. मला तिच्याशी खोटं बोलायचं नाही."

अपीलबाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "अर्ज-शेऱ्यांचा आणि रजेचा, दोन्ही गठ्ठे बाजूला ठेवा, ते उघडायचे नाहीत. ड्यूटी चार्ट तर खरं म्हणजे भिंतीवर लावायचा कागद, त्यात लपवण्यासारखं काय? काका, काढा." काकांनी खरंच डोळे मिटले आणि माझ्या खालच्या फळीवरून गठ्ठा काढला. हा माणूस ना!

बाई वाचू लागल्या. या महिन्याचा चार्ट. त्यावर नावं नव्हतीच, एकच ओळ होती, गेल्या महिन्याप्रमाणे. त्यांनी मागचा महिना काढला. गेल्या महिन्याप्रमाणे. त्याच्या मागचा, त्याच्याही मागचा. गेल्या महिन्याप्रमाणे, गेल्या महिन्याप्रमाणे. बाई पानं उलटत गेल्या, वर्षं उलटत गेली. साहेब उठून त्यांच्या खांद्यावरून बघू लागले. पंपताई जागच्या जागी उभी. शेवटी एक चार्ट असा सापडला, ज्यात नावं होती. पंपताईच्या नावापुढे रात्रपाळी, आणि कंसात लिहिलं होतं, जोडीच्या पंपचालकाच्या ऑपरेशनमुळे, स्वखुशीने, एक महिना.

"अगं बाई!" पंपताई म्हणाली. "हो की! मीच हो म्हणाले होते. पोरगी तेव्हा झाली नव्हती. त्याचं ऑपरेशन होतं, म्हटलं एक महिना मी करते."

तो एक महिना आजतागायत चालला होता. कुणी तिच्यावर डूख धरला नव्हता, कुणी तिचा नंबर चोरला नव्हता. नंबर असा प्रकारच नव्हता. दर महिन्याला कुणीतरी एक ओळ लिहून मोकळं होत होतं, आणि एक मूल उशी घेऊन शेजारी जात होतं. पंपताई हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली. काकांनी तिला आपला रुमाल दिला. अर्थात इस्त्रीचा होता.

"मला खरंच माहीत नव्हतं," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"एका दुपारचं काम होतं," अपीलबाई म्हणाल्या, आणि लिहायला घेतलं. चार्ट दर महिन्याला नावांनिशी नवा करायचा, नंबराची यादी भिंतीवर लावायची, आणि सुरुवात पंपताईपासून.

परतताना रस्ता ओलांडला तेव्हा साहेबांनी हँडल स्वतः धरलं होतं. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "काका, हिला ढकलायला काहीच लागत नाही हो." काका म्हणाले, "मी तेल घातलंय ना!"

तेव्हापासून कर्मचाऱ्यांबद्दलचा अर्ज आला की साहेब तो हातात घेऊन आधी खाली येतात. माझ्या फळीवर ठेवून पूर्ण वाचतात आणि अर्जदाराला फोन करतात, "नक्की काय हवंय तुम्हाला?" बहुतेक वेळा एकच कागद निघतो. प्रश्नकाकांना अजूनही नाही म्हणतात, आणि म्हणायलाच हवं. शिपायाचं पोट हे शिपायाचंच. पण आता प्रत्येक नकार ते स्वतः नव्याने लिहितात.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही शाळेत, घरात कोपऱ्यात उभ्या असतील. त्यांच्यावर पंखे आणि पडदे टाकू नका, अधूनमधून त्यांना फिरवून आणा, एवढं ऐका माझं. आणि कुणी तुमच्याकडे काही मागायला आलं, तर त्याचं म्हणणं शेवटपर्यंत वाचा. जड वाटलं तर एकदा हात लावून बघा. खरंच जड असेल तर तसं सांगा की, त्यात लाज नाही. पण हात तरी लावा!

चला, आता सकाळ होतेय, माझी फेरी निघायची वेळ झाली. थांबा, एक राहिलंच! दिवसपाळी लागल्यावर पंपताई पहिल्यांदा आमच्याकडे आली ती संध्याकाळी, कागद द्यायला. डोळे पुन्हा लाललाल! काका घाबरले. म्हणाले, "काय गं ताई, आता तर रात्री घरी असतेस. झोप झाली नाही का?"

"कसली झोप, काका!" ती म्हणाली. "पोरगी रात्रभर लाथा मारते!" आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला माझं हँडल धरावं लागलं.